आजीच्या बोरमाळेतून दोन अंगठ्या: २२ कॅरेट की १८?

मुलगा निफाड तालुक्यातला द्राक्षबागायतदार. मुलगी नाशिकरोडची, खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात नर्स. साखरपुडा पाच आठवड्यांवर. अंगठ्या दोन हव्यात, साध्या, खड्याविना आणि रोज बोटात राहणाऱ्या. सोनं घरचंच आहे: मुलाच्या आजीची, दोन ठिकाणी तुटलेली बोरमाळ. अटी तीन. बोरमाळेचंच सोनं दोन्ही अंगठ्यांत जायला हवं. बाहेरून सोनं विकत घ्यायचं नाही, कारण माल अजून वेलीवर आहे आणि पैसा वैशाखाच्या तोंडावर सुटणार. आणि आजीची अट: सोनं असेल तर बावीसचंच.

यातल्या कुठल्याही दोन अटी एकत्र बसतात, तिन्ही बसत नाहीत. हे कळायला मात्र तीन आठवडे गेले, कारण सुरुवातीला कोणी गणितच मांडलं नाही.

पहिला प्रस्ताव

सराफ बाजारातल्या एका पेढीवर पहिल्यांदा विचारलं, तेव्हा सरळ उत्तर मिळालं: बोरमाळ मोडीत द्या, तयार ‘लाइटवेट’ २२ कॅरेटच्या अंगठ्या घेऊन जा. मुलाची अंगठी ४ मिलिमीटर रुंद, वजन ४ ग्रॅम. दिसायला भरदार, हॉलमार्कची, खिशाला परवडणारी. यात फसवणूक काहीच नव्हती. गोम होती ती जाडीत.

मुलाच्या बोटाचं माप २२, म्हणजे अंगठीचा आतला घेर सुमारे ६२ मिलिमीटर. आपल्याकडच्या मापात आकड्यात ४० मिळवले की घेर जवळपास येतो, म्हणून १२ माप म्हणजे ५२. या घेराची, ४ मिलिमीटर रुंद, वरून गोलाई असलेली अंगठी मधोमध १.७ मिलिमीटर जाड ठेवली, तर तिचं आकारमान साधारण ०.३६ घनसेंटीमीटर भरतं. २२ कॅरेटची घनता १७.७ च्या आसपास, म्हणजे वजन ६.४ ग्रॅम. तीच अंगठी ४ ग्रॅममध्ये करायची, तर रुंदी आणि घेर कायम ठेवून जाडीच खाली आणावी लागते. ती जेमतेम १.१ उरते.

पट्टी दाबाने कायमची वाकायला लागणारा जोर जाडीच्या वर्गाप्रमाणे कमी होतो. १.७ वरून १.१ वर आलं की तो दोन पंचमांशावर येतो. त्यात धातूच मऊ. तापवून मऊ केलेलं २२ कॅरेट विकर्स या कडकपणाच्या मापावर ५० ते ७० च्या घरात असतं, तर १८ कॅरेट पिवळं त्याच स्थितीत १२० ते १५०. दोन्ही गोष्टी गुणल्या, की ४ ग्रॅमची २२ कॅरेट अंगठी ही पूर्ण जाडीच्या १८ कॅरेट अंगठीच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका दाब सोसते. दुकानाच्या काचेवर हे दिसत नाही. तिथे सगळ्याच अंगठ्या गोल असतात.

घरातला पुरावा मुलाच्या वडिलांच्या बोटात होता. त्यांची साखरपुड्याची अंगठी २२ कॅरेटची, अठ्ठावीस वर्षं वापरलेली. काढून व्हर्नियर, म्हणजे बारीक मोजमापाची पट्टी, लावलं: आतला व्यास एका दिशेने २०.४, दुसऱ्या दिशेने १८.९. वरच्या बाजूला जाडी १.३, तळहाताकडच्या बाजूला ०.८. तळाकडची बाजू झिजते, कारण फावड्याचा दांडा, ट्रॅक्टरचं स्टिअरिंग, क्रेटची कड, सगळं तिथेच घासतं. वडील म्हणाले, “आमची टिकलीच की.” टिकली, पण अंड्यासारखी झाली. आणि आता ती सांध्यावरून निघायला साबण लागतो, कारण लंबगोल अंगठी अरुंद बाजूलाच अडते.

हात काय काम करतात

शुद्धता ठरवायची तर भाव विचारण्याआधी हे विचारावं. इथे दोन्ही हात साधे नव्हते.

मुलगा अंगठी उजव्या हातात घालणार होता. त्याच हातात छाटणीची कात्री. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत ही कात्री दिवसभर उघडझाप करते आणि तिची खालची मूठ अनामिकेच्या मुळाशी, म्हणजे नेमकी अंगठीच्या तळावर दाबते. २२ कॅरेटच्या पातळ अंगठीला लंबगोल करणारं याहून चांगलं यंत्र शोधून सापडणार नाही. पहिला बदल म्हणून अंगठी डाव्या हातावर नेली. एवढ्याने निम्मा प्रश्न सुटला आणि खर्च शून्य.

दुसरी गोष्ट फवारणी. भुरी या बुरशीरोगासाठी गंधक मारतात. गंधक सोन्याला काही करत नाही. ते सोन्यातल्या चांदीला आणि तांब्याला काळं करतं. म्हणून जितकी मिश्रधातू जास्त, तितका काळेपणा जास्त: २२ कॅरेटवर जवळपास नाही, १८ वर कानाकोपऱ्यात हलका, १४ वर स्पष्ट दिसेल इतका.

तिसरी गोष्ट कॅरेटच्या पलीकडची, पण सांगायलाच हवी. ट्रॉलीवरून खाली उडी मारताना अंगठी फळीच्या कडेला अडकली, तर बोटाची कातडी सोलून निघते. फिरत्या शाफ्टजवळ तर बोटच जातं. अंगठी जितकी मजबूत, तितका हा धोका मोठा, कारण ती तुटत नाही. ट्रॅक्टर, ब्लोअर आणि ट्रॉलीच्या कामाला अंगठी काढूनच जायचं, कॅरेट कुठलंही असो.

मुलीच्या बाजूला प्रश्न निराळा. हातावर दिवसभर सॅनिटायझर. त्यातल्या अल्कोहोलने सोन्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते सोडियम हायपोक्लोराइटने. रक्त सांडलं की त्यावर १ टक्का द्रावण ओततात, तेच. क्लोरीन कमी कॅरेटच्या मिश्रधातूतलं तांबं-चांदी खातं, आणि ताणाखाली असलेल्या जागी, म्हणजे टाक्यापाशी (झाळून जोडलेल्या जागी) किंवा वाकवलेल्या ठिकाणी, बारीक तडे पाडतं. निकेल घातलेल्या पांढऱ्या सोन्यात हे सर्वांत लवकर दिसतं. शिवाय रुग्णसेवेत अंगठी घालूच नये, असाच जागतिक आरोग्य संघटनेचा आग्रह आहे. सांस्कृतिक कारणाने घालायचीच असेल, तर सपाट, साधी वळ्यासारखी अंगठी नेहमीच्या कामात चालू शकते. म्हणून तिची अंगठी खड्याविना, खाचाविना, अरुंद: २.५ मिलिमीटर रुंद, १.५ जाड, माप १२.

तिच्या त्वचेला नकली कानातल्यांनी पूर्वी खाज सुटत असे. खाज सोन्याची नव्हती, निकेलची होती. पिवळ्या १८ कॅरेटमध्ये सहसा चांदी आणि तांबंच असतं, तेव्हा तिथे अडचण नव्हती. पण ‘मिश्रधातूत निकेल नको’ हे कारागिराला शब्दांत सांगावं लागतं. तयार मिश्रधातूची पुडी वापरली, तर त्यात काय आहे ते तो सांगेलच असं नाही.

बोरमाळेचा टंच

बोरमाळ पटवेकऱ्याने ओवलेली, मणी पोकळ, आत लाख. काट्यावर १२.६४ ग्रॅम. घरात सगळे ‘सव्वा तोळ्याची माळ’ म्हणायचे, आणि इथूनच चुकीचा हिशेब सुरू झाला. दोरा काढून, मणी तापवून लाख जाळल्यावर उरले ८.३१ ग्रॅम. मुशीत आटवून लगडी पाडली, तेव्हा ८.२०. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त वजन लाखेचं आणि दोऱ्याचं होतं.

आटवण्याआधी एका मण्यावर एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू तपासणारं मशीन लावलं होतं. सोन्याचा आकडा आला ९१.२ टक्के. आटवल्यावर लगडीचा आला ८७.५. घरच्यांना वाटलं, मध्ये काहीतरी काढून घेतलं. तसं नव्हतं. हे मशीन वरचे काही मायक्रॉनच वाचतं. जुना डाग, म्हणजे दागिना, तेजाबात (ॲसिडमध्ये) उजळताना पृष्ठभागावरचं तांबं निघून जातं आणि वरची साय मूळ धातूपेक्षा श्रीमंत होते. शिवाय मण्यांच्या सांध्यांतला कमी कसाचा टाका आत दडलेला. आटल्यावर सगळं एकजीव होतं तेव्हा खरा कस कळतो. म्हणून जुन्या सोन्याचा टंच (शुद्धतेची चाचणी) आटणीनंतरच घ्यावा, आणि आटणी आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावी. रक्कम मोठी असेल तर मुशीतली अग्निपरीक्षा, म्हणजे नमुना भट्टीत शुद्ध करून वजनाने कस काढणारी चाचणी, मागावी. मतभेद झाला, की शेवटचा शब्द तिचाच.

८.२० ग्रॅमचे ८७.५ टक्के म्हणजे शुद्ध सोनं ७.१७५ ग्रॅम. इथून पुढे प्रत्येक हिशेब या आकड्यावर चालतो. ‘किती तोळ्यांची माळ’ हा प्रश्न संपला.

लगडी फुटली

पहिला बेत असा होता, की लगडी आहे तशीच घ्यायची, थोडी चांदी-तांबं घालून १८ वर आणायची आणि पट्टी काढायची. रोलमधून तिसऱ्यांदा काढताना पट्टीच्या दोन्ही कडा फाटल्या, करवतीच्या दातांसारख्या. मऊ करून पुन्हा काढली, पुन्हा फाटली.

कारण टंचाच्या कागदावर आधीच छापलेलं होतं: सोनं ८७.५, चांदी ६.१, तांबं ५.८ आणि उरलेल्या ०.६ मध्ये जस्त, कथील आणि शिसं. शिसं एक दशांश टक्क्याच्या आसपास. हा कागद वाचताना सगळ्यांची नजर पहिल्या ओळीवर थांबते. शिसं इतकंसं असलं, तरी सोनं ठिसूळ होतं, कारण ते सोन्याच्या कणांमध्ये मिसळत नाही, कणांच्या कडांवर जाऊन बसतं आणि दाब आला की तिथूनच भेग जाते. माळेच्या फाशाची कधीतरी गल्लीतल्या कोणाकडून शिसं-कथलाच्या पांढऱ्या झाळाने दुरुस्ती झाली होती. दोन ठिपक्यांच्या झाळाने आठ ग्रॅम सोनं बिघडवलं.

थोडं शिसं असेल तर सोरा आणि सवागी (टाकणखार) टाकून आटवल्यावर ते मळीत निघून जाऊ शकतं, पण खात्री नसते, आणि अंगठी वळवताना पुन्हा फुटली तर मजुरी दोनदा जाते. म्हणून गलाईला, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायला, दिली. हे काम करणारे बहुतेक सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडचे. देशभरातल्या सराफांत त्यांची भट्टी सापडते. पद्धत जुनीच: सोन्यात चांदी मिसळून सोन्याचं प्रमाण चौथाईवर आणायचं, दाणे पाडायचे, नायट्रिक तेजाबात उकळायचे. चांदी, तांबं, शिसं विरघळतं. तळाशी विटकरी भुकटी राहते, तेच सोनं. धुऊन, वाळवून पुन्हा आटवलं की पिवळं. नारिंगी धूर विषारी असतो, हा घरी करून बघायचा प्रयोग नव्हे. जुन्या डागात कॅडमियमचा टाका असेल, ज्याला बाजारात केडीएम म्हणत, तर नुसती आटणीसुद्धा विषारी होते. सोनं वितळायच्या कितीतरी आधी कॅडमियमची वाफ होते.

परत आलं ७.१३ ग्रॅम, टंच ९९.६. शुद्ध सोनं ७.१० ग्रॅम. घट ०.०७५, म्हणजे एक टक्का. ही घट आधी ठरवून लिहून घेतली होती, म्हणून वाद झाला नाही.

मग २२ का बसलं नाही

हवी ती वजनं मांडली. मुलाची अंगठी ०.३६४ घनसेंटीमीटर, मुलीची ०.१६९.

२२ कॅरेटमध्ये: ६.४४ आणि २.९९, एकूण ९.४३ ग्रॅम. १८ कॅरेटमध्ये घनता १५.४ धरून: ५.६० आणि २.६०, एकूण ८.२० ग्रॅम. हाताने पट्टी काढून करायच्या कामात कापलेली टोकं आणि कानशीचा कीस धरून वर सव्वा ग्रॅम तरी धातू जास्त लागतो. तो परत मिळतो, पण काम चालू असताना हातात असावा लागतो.

आता घरात काय होतं? ७.१० ग्रॅम शुद्ध सोन्याचं ९१.७ टक्क्यांचं २२ कॅरेट होतं ७.७४ ग्रॅम. गरज साडेदहाच्या पुढची. म्हणजे जवळपास २.९ ग्रॅम २२ कॅरेट, अर्थात २.७ ग्रॅम शुद्ध सोनं बाहेरून घ्यायचं. शुद्ध सोन्याचा भाव हिशेबापुरता ग्रॅमला १०,००० धरला, तर २७,००० रुपये, मजुरी वेगळी. तेच ७.१० ग्रॅम १८ कॅरेटला, ७५.२ टक्क्यांवर, होतात ९.४४ ग्रॅम. दोन्ही अंगठ्या ८.२०, वर १.२४ कामापुरते. बाहेरून घ्यायचं फक्त तांबं आणि चांदी, दोन्ही मिळून २.३१ ग्रॅम.

गलाई केली नसती तर फरक आणखी उघडा पडला असता. ८७.५ च्या लगडीला ९१.७ वर न्यायला ४.१५ ग्रॅम शुद्ध सोनं ओतावं लागलं असतं, आणि त्यातून तयार झाले असते १२.३५ ग्रॅम, जे कोणाला नकोच होते. जुनं घरगुती सोनं बहुधा २२ च्या थोडं खालीच असतं. त्याला वर चढवणं महाग पडतं, खाली आणणं स्वस्त. ही गोष्ट पेढीवर सहसा कोणी सांगत नाही, कारण विचारतच कोणी नाही.

आजीचा आक्षेप राहिला: “अठराचं म्हणजे भेसळीचंच की.” तिला टक्केवारी दाखवून उपयोग नव्हता. वाटीत ७.१३ ग्रॅमची गोळी ठेवली, शेजारी तांब्या-चांदीचे तुकडे. बावीसमध्येही हेच घालतात, फक्त कमी. तुझ्या माळेतलं सोनं एक गुंजही बाहेर जात नाही, आणि बावीस केलं तर दुकानातलं परकं सोनं त्यात मिसळेल. शेवटचं वाक्य तिला पटलं. मंगळसूत्र मात्र २२ चंच, हे तिने तिथल्या तिथे वदवून घेतलं, आणि ते बरोबरही आहे. मंगळसूत्राच्या वाट्यांवर कात्रीची मूठ दाबत नाही.

बाकीचे पर्याय

१४ कॅरेट सुचवलं गेलं, अंगठ्या ७ ग्रॅममध्ये झाल्या असत्या. गंधक आणि हायपोक्लोराइट या दोन कारणांनी ते तिथेच थांबलं. रंगही शेजारच्या २२ कॅरेट बांगड्यांपुढे फिका-तांबूस दिसतो. २०२५ पासून ९ कॅरेटलाही हॉलमार्क मिळतो, पण रोज गंधकात जाणाऱ्या हातासाठी त्याचा विचारही नको.

मुलीला गुलाबी सोनं आवडलं होतं. १८ कॅरेटमध्येच चांदी कमी करून तांबं २० टक्क्यांच्या पुढे नेलं, की ते होतं. शुद्धता तीच राहते. पण तांबं वाढलं, की मऊ केल्यावर पट्टी लगेच पाण्यात विझवावी लागते. सावकाश थंड झाली तर कडक होऊन वळवताना तडकते. काळंही लवकर पडतं. तिने स्वतःच नको म्हटलं. प्लॅटिनममध्ये आजीची बोरमाळ येत नाही, तेव्हा तो विषय चहाबरोबरच संपला.

घडण

मिश्रण: ७.१३ ग्रॅम सोनं, १.१५५ चांदी, १.१५५ तांबं. चांदी आणि तांबं सम ठेवल्याने रंग पिवळाच राहतो. चांदी वाढली तर हिरवट, तांबं वाढलं तर लालसर. टक्केवारी ७५.० ऐवजी ७५.२ ठेवण्याचं कारण असं, की हॉलमार्कमध्ये खालच्या बाजूला सूट नाही. ७४.९ आलं की नापास. टाक्यामुळे किंचित उतरतं, त्याची ही तजवीज.

तांबं स्वच्छ, तारेचं. वीजपंपाच्या वाइंडिंगची लाखेचा लेप असलेली तार नको. आधी सोनं आणि चांदी वितळू द्यायची, मग तांबं, वर सवागी. ग्रॅफाइटच्या काडीने ढवळून ओतायचं. ढवळणं चुकलं, तर पट्टीच्या एका टोकाचा टंच ७४ आणि दुसऱ्याचा ७६ येऊ शकतो.

पट्टी रोलमधून काढताना जाडी निम्मी झाली, की मऊ करायची: मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात. न विझवता तशीच ठेवली, तर हेही मिश्रण थोडं कडक होतं. टाका १८ चाच. अंगठी जोडताना ती पूर्ण तापते, म्हणून टाका घातल्यावर धातू पुन्हा मऊ पडतो. तयार २२ कॅरेट अंगठ्या इतक्या सहज वाकतात, त्याचं हेही एक कारण आहे. उपाय सोपा: टाक्यानंतर निमुळत्या लोखंडी गजावर चढवून लाकडी हातोड्याने चौफेर ठोकून घ्यायची, म्हणजे कडकपणा परत येतो. १८ कॅरेटला आणखी एक सोय आहे. तयार अंगठी ३०० अंशांच्या आसपास तास-दोन तास तापवून ठेवली, की तांबं आणि सोनं आतल्या आत रांगेत बसतात आणि ती वाढीव कडक होते. २२ मध्ये तांबं इतकं कमी असतं, की हा उपाय चालत नाही. हे काम ज्या कारागिराकडे लहान भट्टी आहे, तोच करतो. म्हणून काम देण्याआधी विचारावं.

माप घेताना चूक होता होता राहिली. मुलाला सकाळी २१ बसली. संध्याकाळी बागेतून आल्यावर तीच सांध्यावर अडली. २२ घेतली. अंगठी जितकी रुंद, तितकी ती घट्ट लागते, म्हणून माप घेण्याची कडी अरुंद असेल तर अर्धं माप वाढवून घ्यावं. १८ कॅरेट नंतर ताणून एखादं माप मोठी होते, त्यापुढे कापून तुकडा घालावा लागतो आणि हॉलमार्कच्या खुणेशी खेळ होतो.

शेवटी मुलाची अंगठी भरली ५.५८ ग्रॅम, मुलीची २.६१. टोकं आणि कीस मिळून १.१९ परत. घट ०.०६.

मजुरी नगावर ठरवली होती. टक्क्यांत ठरवली असती, तर साध्या वळ्याच्या त्याच दोन तासांच्या कामाला, भाव चढला म्हणून जास्त पैसे गेले असते.

हॉलमार्क

अंगठ्या नोंदणीकृत सराफामार्फत हॉलमार्किंग केंद्रात गेल्या. फी नगाला ४५ रुपये, वर जीएसटी. आतल्या बाजूला तीन खुणा: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, १८के७५० आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हा क्रमांक नसलेला हॉलमार्कचा सोन्याचा दागिना सराफ विकू शकत नाही. बीआयएस केअर अॅपमध्ये क्रमांक टाकल्यावर दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि केंद्र दिसतं. इथे ‘अंगठी’ आणि ‘१८’ दोन्ही जुळतंय का ते पाहायचं, नुसती हिरवी खूण नव्हे. पावतीवर वजन, शुद्धता आणि एचयूआयडी लिहून घेतलं.

२ ग्रॅमच्या आतल्या डागाला हॉलमार्कची सक्ती नाही. मुलीची अंगठी आणखी पातळ करून १.९ मध्ये बसवावी, असंही मध्येच सुचवलं गेलं होतं. खुणेविना अंगठी म्हणजे पुढे मोडताना पुन्हा टंच आणि पुन्हा घासाघीस. हॉलमार्कच्या डागाचा कस छापील आकड्यापेक्षा कमी निघाला, तर कमतरतेच्या फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो. खुणेविना हा हक्क हातात राहत नाही.

आत तारीख आणि नावं कोरायची होती. ती हॉलमार्क झाल्यावर, खुणांच्या समोरच्या बाजूला कोरली.

मोडीचा प्रश्न

शेवटपर्यंत एक मुद्दा मामांनी लावून धरला: १८ ला मोड कमी येते. शुद्ध सोन्याच्या हिशेबाने येत नाही. ५.५८ ग्रॅम १८ कॅरेटमध्ये ४.१९ ग्रॅम शुद्ध सोनं आहे, आणि भाव त्याचाच. पण बऱ्याच पेढ्या १८ चा डाग रोखीने घ्यायला कां-कूं करतात, बदलीत घेतात, किंवा वजावट जास्त धरतात. हे खरं आहे, आणि गुंतवणूक म्हणून सोनं घ्यायचं असेल, तर २२ चीही अंगठी चुकीची वस्तू आहे. त्यासाठी २४ चं वेढणं किंवा नाणं घ्यावं, त्याला मजुरी जवळपास नसते. साखरपुड्याची अंगठी मोडायला कोणी करत नाही.

दुसरी सूचना मुलीसाठी: शेजारच्याच बोटात २२ ची आणि १८ ची अंगठी घालू नये. कडक धातू मऊला घासून खातो. तिने आईकडची २२ ची अंगठी उजव्या हातात नेली. ड्यूटीवर स्वतःची अंगठी ती गळ्यातल्या साखळीत अडकवते.

ऑक्टोबर छाटणी उरकल्यावर मुलाच्या अंगठीला व्हर्नियर लावलं: एका दिशेने १९.७, दुसऱ्या दिशेने १९.६. जाडीत मोजण्याजोगा फरक नाही. वर बारीक ओरखडे भरपूर. कोरलेल्या अक्षरांच्या खोबणीत गंधकाचा काळपटपणा. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब आणि मऊ ब्रश, दोन मिनिटांत गेला. तेजाबात बुडवून उजळून द्या, असं कुणी म्हटलं तर द्यायची नाही. त्याने वरची साय पुन्हा श्रीमंत दिसते आणि कडेने धातू जातो.